स्किड प्लेट घ्यायची तर वरच्या बाजूने बघून घ्या

स्किड प्लेट म्हणजे दगडांपासून बचावासाठी गाडीच्या पोटाखाली लावायचा जाड पत्रा. मी घेतलेल्या प्लेटचा आधी निकाल सांगून टाकते. पत्रा उत्तम, वेल्डिंग नेटकं, भोकं जिथल्या तिथे. पाचपैकी तीन तारे. उरलेले दोन घरच्या घरी ग्राइंडर, ड्रिल मशीन आणि धाकट्या भावाच्या जिवावर मिळवलेत, ते कंपनीच्या खात्यात घालणार नाही. कंपनीचं नावही लिहीत नाही. पुढे ज्या खोडी सांगणार आहे त्या मी गाड्यांखाली वाकून पाहिलेल्या इतर प्लेट्समध्येही थोड्याफार फरकाने दिसल्या, मग एकीलाच का झोडपायचं?

गाडी डिझेल पिकअप, फोर व्हील ड्राइव्ह, गिअर हाताने टाकायचे. मागे मधपेट्या असतात. पेट्या हलवायच्या त्या रात्री, माश्या पेटीत परतल्यावर. त्यामुळे प्रवास नेहमी अंधारातला, आणि वाट म्हणजे चाकांच्या दोन चाकोऱ्या नि मधोमध गवत माजलेला उंचवटा. त्या गवतातला दगड दिसत नाही, ऐकू येतो. गाडी भरलेली असली की ती बसते आणि उंचवटा पोटाला घासतो. गाडीसोबत आलेला मूळ पत्रा पातळ, चिखलाचे शिंतोडे अडवण्यापुरता. दगड लागला की तो आत दबतो, इंजिनच्या चेंबरला, म्हणजे खालच्या तेलाच्या भांड्याला, टेकतो, आणि मग इंजिनची थरथर थेट केबिनमध्ये गुणगुणत येते. तेवढ्यावर भागलं तर नशीब. चेंबर फुटला तर तेल वाटेत सांडतं आणि पेट्या मागे तशाच राहतात.

मी घेतलेला संच तीन तुकड्यांचा आहे. पहिला रेडिएटरखालून चेंबरच्या मागच्या कडेपर्यंत, दुसरा गिअरबॉक्सखाली, तिसरा ट्रान्सफर केसखाली (इंजिनची ताकद पुढच्या-मागच्या चाकांना वाटणारा भाग). ४ मिमीचा माइल्ड स्टीलचा पत्रा, लांबीच्या दिशेने दाबून काढलेल्या उभ्या घड्या, वरून काळं पावडर कोटिंग. या जाडीच्या पोलादी पत्र्याचं वजन चौरस मीटरला ३१ किलोच्या वर जातं, त्यामुळे तिन्ही तुकडे मिळून चाळीस किलोच्या आसपास भरतात. म्हणजे दर खेपेला एक भरलेली पेटी कमी.

अॅल्युमिनियम का नाही, हा प्रश्न येणारच. हिशेब अॅल्युमिनियमच्या बाजूने आहे हे कबूल. त्याची ताठरता पोलादाच्या साधारण एक तृतीयांश, पण पत्र्याचा वाकण्याला होणारा विरोध जाडीच्या घनाने वाढतो. म्हणून ६ मिमी अॅल्युमिनियम ४ मिमी पोलादापेक्षा किंचित ताठच निघतं आणि वजन चौरस मीटरला १६ किलोच्या आसपास, म्हणजे जवळजवळ निम्मं. गंजाची कटकट कमी. तरी मी पोलादच घेतलं, कारण अॅल्युमिनियम मऊ असतं, दगड त्यात रुततो आणि गाडी सरकायच्या ऐवजी अडकते. पोलादावरून दगड किंचाळत का होईना, पण निघून जातो. दुसरं कारण भावाचं मशीन. साध्या आर्क वेल्डिंगने पोलाद घरी जोडता येतं, अॅल्युमिनियमला गॅसचं वेल्डिंग मशीन आणि सरावलेला हात लागतो. मला प्लेट तशीच्या तशी वापरायची नव्हतीच, ती कापायची-जोडायची होती. ज्यांना नुसती बसवून मोकळं व्हायचंय त्यांनी अॅल्युमिनियमचा विचार जरूर करावा. फक्त पोलादी बोल्टभोवती अॅल्युमिनियम झिजतं, तेव्हा तिथे वॉशर आणि बोल्ट चिकटू न देणारी अँटी-सीझ पेस्ट हवीच.

कौतुकाच्या गोष्टी आधी. सगळी भोकं चेसिसवरच्या मूळ आट्यांशी जुळली, एकही कानसावी लागली नाही. घड्या घालताना कोपऱ्याला पुरेशी गोलाई ठेवलीय, त्यामुळे वाकवलेल्या जागी तडे नाहीत. आणि सगळ्यात महत्त्वाचं, पुढचं ब्रॅकेट बंपरला न पकडता रेडिएटरखालच्या आडव्या दांड्याला पकडलंय. टक्कर झाली तर पुढचा भाग चेपायला मोकळा असावा लागतो, एअरबॅगच्या सेन्सरचं गणितही त्यावरच असतं. बंपरपासून चेसिसपर्यंत जाड पत्रा ताणून बांधला तर ते गणित बिघडतं. अशी प्लेट फुकट मिळाली तरी घेऊ नका.

आता मुद्द्यावर येते. विकताना प्लेटची खालची बाजू दाखवतात. जाडी, घड्या, लेझरने कापलेलं नाव, हातोडा मारून काढलेला आवाज. दगड लागतो तो खालून, म्हणून खालची बाजू बघायची असं वाटतं. पण दगड कधीमधी लागतो. वरची बाजू रोज काम करते: तिच्यावर तेल सांडतं, चिखल साचतो, गवत अडकतं, गरम हवा कोंडते. माझ्या प्लेटची वरची बाजू कोणी विचार करून बनवली आहे असं कुठेच वाटलं नाही.

तेलापासून सुरुवात. तेल सोडायच्या ड्रेन नटखाली प्लेटला गोल भोक आहे, बरोबर नटाच्या खाली, चित्रात शोभेल असं. पण माझ्या इंजिनचा नट चेंबरच्या उभ्या अंगाला, आडवा बसतो. तो काढला की गरम तेल सरळ खाली पडत नाही, कमान करून पुढे उडतं, आणि चेंबर रिकामा होत जातो तशी ती कमान आखडत नटापाशी येते. सुरुवातीचं सगळं तेल भोकाच्या कडेवर आदळतं, घड्यांमधून मागे वाहतं आणि पुढे बरेच दिवस जमिनीवर ठिपके देत राहतं. गळती आहे की सांडलेलं आहे हे कळेनासं होतं, हा खरा त्रास. खरी गळती त्यात लपून जाते.

भोक कुठवर वाढवायचं हे अंदाजाने ठरवायचं नव्हतं. तेल बदलताना पहिली प्लेट उतरवून ठेवली, तिच्या पातळीवर पुढच्या आणि मागच्या बोल्टच्या भोकांमधून सुतळी ताणली, सुतळीवर दोन-दोन सेंटीमीटरला खुणा केल्या आणि फोन बाजूला टेकवून चित्रण सुरू ठेवलं. नट काढल्यावर धार सुतळीला कुठे ओलांडते, आणि शेवटी कुठे येते, हे नंतर सावकाश थांबवून थांबवून बघता आलं. तेवढ्या लांबीची खाच काढली. दोन्ही टोकांना ७६ मिमीच्या होल सॉने गोल भोकं, मधला भाग ग्राइंडरने. टोकं गोल ठेवायची ती दिसायला नव्हे. ग्राइंडरचं चाक कोपऱ्यात जरा जास्त गेलं की तिथे बारीक चीर राहते आणि थरथरीने पत्रा तिथूनच फाटायला लागतो. होल सॉ चालवताना वेग कमी, दाब भरपूर, मधूनमधून तेलाचा थेंब. घाई केली की दात जळतात.

एवढी मोठी खाच उघडी ठेवली तर तिच्यातून मुठीएवढा दगड आत येईल, म्हणून २ मिमी पत्र्याचं झाकण केलं. यावर मी आणि भावाने बराच वाद घातला. खालून चार बोल्टने लावलेलं झाकण सोपं, पण त्याची पुढची कड दगडाच्या तोंडाला येते. शेवटी झाकणाची पुढची जीभ शिकंजात धरून, ठोकून वर वाकवली. ती खाचेतून आत, प्लेटच्या वर जाऊन बसते. मागची कड तेवढी खालून येते आणि तिला ६ मिमीचे दोन बोल्ट, प्लेटमध्ये बसवलेल्या रिव्हेट नटमध्ये (पत्र्याच्या भोकात दाबून पक्का करतात तो आट्यांचा नट). ६ मिमीच्या पोलादी रिव्हेट नटला माझ्याकडच्या मापाप्रमाणे ९ मिमीचं भोक लागतं. एक मिमी जास्त झालं तर तो जागेवर गरगर फिरतो, मग बोल्ट ना घट्ट होतो ना निघतो. आता तेल बदलायला प्लेट उतरवावीच लागत नाही. दोन बोल्ट, झाकण खाली, तेल सरळ भांड्यात.

दुसरी खोड या झाकणाच्याच जातीची, पण जास्त गंभीर. कंपनीच्या कागदावर पहिली प्लेट आधी आणि दुसरीची पुढची कड तिच्या खालून, असं बसवायला सांगितलंय. भावाने कागद एकदा बघितला, गाडीखाली एकदा बघितलं आणि म्हणाला, "ताई, हे उलटं सांगितलंय." बरोबरच होतं त्याचं. गाडी पुढे जाते तेव्हा दगड पुढून मागे सरकतो. दुसरीची कड खाली असली की तो तिच्यावर अडतो, आणि ४ मिमीची पायरी चाळीस-पन्नास मिमीचं तोंड उघडायला पुरते. प्लेट्स कौलांसारख्या लागल्या पाहिजेत, फक्त पाण्याच्या जागी दगड धरायचा. पहिलीची मागची कड सगळ्यात खाली, दुसरीची पुढची कड तिच्या वर लपलेली, तिसरीची दुसरीच्या वर.

क्रम उलटा केला की एक अडचण येते: दोन्ही प्लेट्स त्याच बोल्टमध्ये अडकलेल्या, पहिली काढायला गेलं की दुसरीचं तोंडही खाली लोंबतं. त्यासाठी दुसरीला स्वतःचे दोन छोटे बोल्ट दिले, चपट्या डोक्याचे, पत्र्यात बुडणारे. इथे ८ मिमीचा बोल्ट चालत नाही, त्याचं शंकूसारखं डोकं ४ मिमी पत्र्यात पूर्ण बुडत नाही. ६ मिमीचं बुडतं. भार मोठ्या बोल्टवरच राहतो, हे दोघे फक्त प्लेट वर धरून ठेवतात. त्यांच्या आट्या संचासोबत आलेल्या आडव्या जाड पट्टीत पाडल्या, ५ मिमीचं भोक आणि त्यात टॅप. चेसिसला भोक पाडलं नाही आणि पाडूही नये. चेसिस कुठे किती ताण घेते हे आपल्याला गाडीखाली पडल्या पडल्या कळत नाही.

चिखलाबद्दल थोडक्यात. प्लेटला पाणी जायला ८ मिमीची भोकं दिलीत. पाणी जातं, चिखल जात नाही, आणि पहिल्याच ओल्या वाटेवर चिखलाने भोकं बुजली की पाणीही जात नाही. अर्ध्या चौरस मीटरवर दोन सेंटीमीटर ओला चिखल साचला तरी तो दहा लिटर होतो, वजन सतरा-अठरा किलो. ते ओझं परवडलं, पण तो ओलावा लोखंडाला चिकटून राहतो तो नाही परवडत. प्लेट उतरवल्यावर वाळलेला चिखल न झाडता नीट बघितला. कुठे जाड थर, कुठे पातळ, ते त्यानेच दाखवलं. जाड थराच्या जागी २५ मिमीची भोकं. कडा वरच्या दिशेने किंचित उचलल्या, म्हणजे खालून बोट फिरवलं तर गुळगुळीत लागतं.

आता गवत. हा भाग नीट वाचा, बाकी सगळं सोडलंत तरी चालेल.

आजकालच्या डिझेल गाडीच्या सायलेन्सरच्या वाटेत काजळी पकडणारा फिल्टर असतो, आणि तो भरला की गाडी स्वतःहून ती काजळी जाळते. त्या वेळी आतलं तापमान ६०० अंश सेल्सिअसच्या आसपास जातं. याच्या निम्म्या तापमानातही वाळलेलं गवत धुमसू लागतं. तिसरी प्लेट माझ्या गाडीत बरोबर या नळीखालून जाते, मधे तीन बोटांची जागा. उंचवट्यावरचं गवत पुढच्या कडेवरून खुडलं जातं, तुसं आणि काड्या त्या फटीत जातात, आणि प्लेट त्यांना खाली पडू देत नाही. प्लेट नसती तर ते गवत वाटेत पडून गेलं असतं. संरक्षणासाठी लावलेला पत्रा इथे जळणाचा साठा करतो, तोही सगळ्यात गरम जागेखाली.

माझ्यासोबत नेहमी स्मोकर असतो, पेटी उघडताना माश्यांना धूर द्यायला. त्यात मी हेच गवत दाबून भरते. दाबून भरलं की ते भडकत नाही, तासन् तास आतल्या आत धुमसत राहतं, आणि हवा लागली की एका फुंकरीत पेटतं. तिसऱ्या प्लेटवर जे साचत होतं ते पाहून मला दुसरं काही आठवलं नाही. गाडी उभी असताना धुमसायचं आणि चालू लागली की वारा मिळायचा. वर डिझेलची टाकी, मागे लाकडी पेट्या.

त्यामुळे तिसऱ्या प्लेटचा तो सगळा कोपरा कापून टाकला. ट्रान्सफर केसखालचा भाग ठेवला, नळीखालचा काढला. कड ग्राइंडरने गोल केली, फ्लॅप डिस्कने घासली, म्हणजे काडी अडकायला धार उरत नाही. नळीला आता दगड लागू शकतो हे मान्य. नळी चेपली तर बदलता येते. कंपनीला लिहिलं तर उत्तर आलं की कापलेल्या प्लेटवर हमी नाही. ठीक आहे, नसू दे.

कापूनही काम संपत नाही. वाळल्या गवतातून आलं की उतरून टॉर्च मारायची, वाकवलेल्या तारेच्या आकड्याने दिसेल ते ओढून काढायचं. गाडीत अग्निशामक सिलिंडर आणि फवारणीचा पाण्याचा पंप. पंप पेट्यांसाठी असतोच, जागा बदलली इतकंच: आधी सामानाखाली असायचा, आता हाताशी.

हवेचं थोडं कमी गंभीर. पंख्याने ढकललेली गरम हवा इंजिनखालून बाहेर पडते आणि अखंड प्लेट ती वाट अडवते. पहिल्या प्लेटला हवेच्या खाचा आहेत, दुसरीला अजिबात नाहीत. दुसरीला मी मागच्या बाजूला उघडणाऱ्या खाचा पाडल्या. तोंड मागेच हवं. पुढे केलंत तर ती खाच नाही, चिखल भरायचं नरसाळं होतं. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सवाल्यांनी हे माझ्यापेक्षा जास्त मनावर घ्यावं, त्यांच्या गिअरबॉक्सच्या तेलाला उष्णता सोसत नाही.

इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसलेलं असतं आणि ॲक्सिलेटर दाबला की हलतं, हे प्लेट बसवताना विसरायला होतं. उभ्या गाडीत चेंबर आणि प्लेटमध्ये जागा दिसते, जोर लावला की ती कमी होते. मोजायला मुलांच्या खेळण्यातली चिकणमाती वापरली. चेंबरखाली, गिअरबॉक्सखाली, जिथे शंका तिथे गोळे ठेवून प्लेट कसली, गाडी सुरू करून ॲक्सिलेटर दिला, क्लच सोडून जरा पुढे-मागे केली आणि मग प्लेट उतरवून चपटे झालेले गोळे मोजले. प्लेटच्या एका घडीवर १५ मिमीच जागा उरली होती. मला निदान २५ हवी, कारण दगड लागल्यावर पत्रा आत येणार आहेच. तिथे प्लेट खाली सरकवायला १० मिमीचे स्पेसर आणि तेवढेच जास्त लांब बोल्ट. खालची उंची १० मिमीने गेली, पण आत टेकणाऱ्या प्लेटपेक्षा ते बरं.

बोल्टची गोष्ट मात्र लांबवणार आहे, कारण संचातला सगळ्यात वाईट भाग तोच. गोल डोक्याचे, ॲलन पान्याचे बोल्ट दिलेत. दिसायला सुरेख, दगडही त्यांना पकडत नाही. पण ते षटकोनी भोक चिखलाने भरतं, चिखल वाळून विटेसारखा होतो, आणि एखादा दगड घासून गेला की भोकाची कड आत दबते. मग पाना बसत नाही. मी षटकोनी डोक्याचे, खाली रुंद कड असलेले ८.८ ग्रेडचे बोल्ट घातले आणि प्रत्येकाच्या पुढे जाड पट्टीचा एक छोटा उतार वेल्ड केला, म्हणजे दगड डोक्यावर न आदळता उतारावरून निघून जातो. वेल्डिंग प्लेट गाडीवरून पूर्ण उतरवून, टेबलावर. पावडर कोटिंग आधी घासून काढायचं, ते जळलं की धूर छातीत जातो. आणि ब्रेक क्लीनरने पुसून लगेच वेल्डिंग करू नका. क्लोरीन असलेल्या क्लीनरपासून वेल्डिंगच्या उष्णतेत विषारी वायू तयार होतो.

बोल्ट विकत घेताना पिच, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर, बघा. १० मिमीच्या बोल्टचं नेहमीचं पिच १.५, पण जपानी गाड्यांत १.२५ सर्रास असतं. दोन्ही हातात सारखेच दिसतात आणि चुकीचा बोल्ट पहिल्या दीड आट्या निमूट जातो. तिथेच चेसिसच्या आतला वेल्ड केलेला नट खराब होतो, आणि तो बदलणं म्हणजे वेगळंच प्रकरण. प्रत्येक बोल्ट आधी हाताने निम्मा तरी गेला पाहिजे, पाना मग. संचातले बोल्ट पिचने बरोबर होते, हेही सांगितलं पाहिजे.

माझा सगळ्यात आवडता बदल छोटा आहे. पहिली प्लेट एकटीने चढवणं अशक्य होतं: वीस-एकवीस किलो, पाठीवर झोपून, एका हाताने तोलून दुसऱ्याने बोल्ट शोधायचा. पुढची दोन भोकं कुलपाच्या भोकासारखी केली, एक मोठं गोल आणि त्याला लागून अरुंद खाच. आता पुढचे दोन बोल्ट आधीच अर्धे लावून ठेवायचे, प्लेट मोठ्या भोकातून त्यांच्या डोक्यांवर चढवायची आणि मागे सरकवायची. ती लटकून राहते. मागची बाजू जॅकवर फळी ठेवून उचलायची आणि बाकीचे बोल्ट सावकाश. अरुंद खाच मोठ्या भोकाच्या पुढच्या अंगालाच हवी. दगड प्लेटला मागे ढकलतो, तेव्हा बोल्ट खाचेत आणखी घट्ट बसतो. उलट केलीत तर पहिल्या दगडाला प्लेट सुटायला निघेल. बाकीचे बोल्ट लागल्यावर पुढचा एकेक बोल्ट काढून त्याखाली मोठं भोक झाकेल असा रुंद जाड वॉशर ठेवायचा. हे काम कारखान्यात लेझरच्या एका ओळीचं आहे. का करत नाहीत, देव जाणे.

पावडर कोटिंगवर माझं मत आधीपासून वाईट होतं, ते सुधारलेलं नाही. खालची बाजू पहिल्याच दगडाला उघडी पडते आणि ओरखड्याच्या कडेने गंज रंगाखाली शिरतो. वरून चकचकीत, आतून पापुद्रे. मी कापलेल्या सगळ्या कडांना झिंक प्रायमर आणि ब्रशने साधा ऑइल पेंट दिला. खाली ओरखडा पडला की घासून पुन्हा ब्रश. वरच्या बाजूला मात्र कोटिंग चांगलं टिकलंय, आणि गरज तिथेच जास्त आहे.

घरी करणाऱ्यांनी एवढं पाळा: गाडी सपाट टणक जमिनीवर, मागच्या चाकांना पुढून-मागून ओंडके, आणि वजन घोड्यांवर (जॅक स्टँडवर), घोड्या चेसिसखाली. जॅक फक्त उचलायला. घोडीवर ठेवल्यावर गाडीला बाहेरून जोराने हलवून बघायचं, मगच खाली जायचं. ग्राइंडर गाडीजवळ चालवायचा नाही. ठिणग्या काचेत आणि रंगात रुततात, पुन्हा निघत नाहीत. गॉगल लावायचा, चष्मा आहे म्हणून सूट नाही. पहिल्या खडबडीत वाटेवरून आल्यावर सगळे बोल्ट पुन्हा तपासा, माझे त्यातले काही अर्धा वेढा फिरले.

या सगळ्यानंतर प्लेट कशी वागते? चांगली. पहिलीवर दोन खोल ओरखडे आणि एक चेपलेली घडी, चेंबरला अजून बोटभरापेक्षा जास्त मोकळी जागा. दुसरीवर काहीच नाही, क्रम उलटा केल्याचा तो परिणाम असावा असं भाऊ म्हणतो आणि मी त्याला म्हणू देते. गुणगुण गेली. खड्ड्यात चिखल उडाला की आतून ढोल वाजल्याचा आवाज येतो, तो सवयीचा झाला.

घ्यावी का? ग्राइंडर हाताळता येत असेल तर जरूर, कारण पत्रा आणि भोकांची अचूकता घरी जमत नाही, बाकीचं जमतं. नुसती बसवून विसरायची असेल तर पहिला तुकडाच घ्या, बोल्ट तेवढे बदला. तिसरा तुकडा गवताळ वाटेच्या डिझेल गाडीला न कापता लावू नका. काजळीचा फिल्टर नेमका कुठे आहे ते आधी गाडीखाली जाऊन बघा.

याच कंपनीची डिझेलच्या टाकीखालची प्लेटही मिळते. भाऊ मागे लागलाय. माझी टाकी प्लास्टिकची आहे, आणि त्या प्लेटच्या वरच्या बाजूचा फोटो मागितला तर पुन्हा खालच्याच बाजूचे तीन पाठवले. टाकी आणि पत्रा यांत किती जागा राहते आणि मधे साचलेलं कुठून बाहेर पडतं, एवढे दोनच प्रश्न लिहून पाठवलेत. उत्तर येईपर्यंत टाकी आहे तशीच राहील.